धागा: शुगर आहे आणि सोनोग्राफीत ‘फॅटी लिव्हर ग्रेड २’ आलंय. ग्रेड नंतर बघू, आधी प्लेटलेट्स काढा

रविवार कारंजा

सोनोग्राफीच्या रिपोर्टमध्ये ‘फॅटी लिव्हर’ आलं की दोनांपैकी एक गोष्ट होते. ‘हल्ली सगळ्यांनाच असतं’ म्हणून कागद फायलीत जातो, नाहीतर मेडिकलमधून लिव्हर टॉनिकची बाटली घरी येते. डायबेटिस असलेल्या माणसाला दोन्ही महागात पडतं. टाइप २ डायबेटिस असलेल्यांत निम्म्याहून जास्त लोकांना फॅटी लिव्हर असतं आणि लिव्हर जून होत सिऱ्हॉसिसपर्यंत (व्रणांनी भरून कायमचं कडक होण्यापर्यंत) जाण्याचा धोका याच गटात सगळ्यात जास्त. म्हणून हा धागा खास शुगरवाल्यांसाठी आणि काठावरच्यांसाठी, म्हणजे उपाशीपोटी १०० ते १२५ किंवा एचबीएवनसी (तीन महिन्यांच्या सरासरी शुगरची टेस्ट) ५.७ ते ६.४ असलेल्यांसाठी.

आधी नातं समजून घेऊ, कारण पुढचे सगळे उपाय त्यावर बेतलेले आहेत.

रात्री आपण झोपलेलो असताना रक्तातली साखर लिव्हर पुरवतं. इन्सुलिनचं एक मोठं काम म्हणजे या पुरवठ्याला ब्रेक लावणं. लिव्हरमध्ये चरबी साठली की हा ब्रेक नीट लागत नाही. रात्री साडेआठला जेवून, काही गोड न खाता, सकाळी मशीनवर १५० येतात ते यामुळे. ती साखर ताटातली नसते, लिव्हरने रात्रभर सोडलेली असते.

गंमत अशी, की त्याच लिव्हरला इन्सुलिनचा ‘चरबी बनव’ हा निरोप मात्र व्यवस्थित ऐकू येतो. साखर आवरत नाही म्हणून स्वादुपिंड आणखी इन्सुलिन सोडतं, त्याने आणखी चरबी बनते. जादाची चरबी ट्रायग्लिसराइडच्या रूपात रक्तात जाते. म्हणून उपाशीपोटीची शुगर, ट्रायग्लिसराइड आणि पोटाचा घेर ही तिन्ही बहुतेक वेळा बरोबरच वाढलेली दिसतात. काही चरबी स्वादुपिंडातही साठते आणि इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी मंदावतात. ब्रिटनमधल्या न्यूकॅसल विद्यापीठाच्या डॉ. रॉय टेलर यांनी २००८ मध्ये ही दुहेरी चक्राची कल्पना मांडली. २०११ मध्ये त्यांच्या गटाने रोज सुमारे ६०० कॅलरींच्या आहारावर ठेवलेल्या डायबेटिसच्या रुग्णांची उपाशीपोटीची शुगर आठवड्याभरात नॉर्मलला आणून दाखवली, आणि त्याच आठवड्यात लिव्हरमधली चरबी सुमारे ३० टक्के उतरली होती. (हा आहार घरच्या घरी करायचा नाही. ग्लिमेपिराइड (शुगर उतरवणारी गोळी) किंवा इन्सुलिन चालू असेल तर शुगर धोकादायक खाली जाईल.)

आता शीर्षकाकडे. सोनोग्राफीचा ग्रेड चरबी किती ते सांगतो. लिव्हर किती जून झालं, त्यात फायब्रोसिस (व्रणांसारखे कडक धागे) किती, हे सांगत नाही. आणि पुढची दहा-वीस वर्षं कशी जाणार हे फायब्रोसिसवर ठरतं. ग्रेड १ वाल्याला पुढचा, म्हणजे बराच वाढलेला, फायब्रोसिस असू शकतो, ग्रेड ३ वाल्याला अजिबात नसू शकतो.

फायब्रोसिसचा पहिला अंदाज घरी बसून काढता येतो. त्याला फिब-४ म्हणतात. वय, एसजीओटी आणि एसजीपीटी (रक्तात मोजतात ती लिव्हरची दोन एन्झाइम) आणि प्लेटलेट्स, एवढंच लागतं.

वय गुणिले एसजीओटी. त्याला भागायचं (प्लेटलेट्स गुणिले एसजीपीटीचं वर्गमूळ) याने.

प्लेटलेट्स हजारांत लिहायच्या: १ लाख ८० हजार असतील तर १८०.

उदाहरण: वय ५२, एसजीओटी ४८, एसजीपीटी ६४, प्लेटलेट्स १.८ लाख. वर ५२ × ४८ = २४९६. खाली १८० × ८ = १४४०. उत्तर १.७३.

१.३ पेक्षा कमी: पुढचा फायब्रोसिस असण्याची शक्यता कमी. २.६७ पेक्षा जास्त: लिव्हरच्या डॉक्टरांकडे. मधलं आलं तर फायब्रोस्कॅन (लिव्हरचा कडकपणा बाहेरून मोजणारी तपासणी). पासष्टीनंतर खालची रेषा १.३ ऐवजी २ धरायची, कारण सूत्रात वय असल्याने आकडा आपोआप फुगतो. पस्तिशीच्या आत हे सूत्र भरवशाचं नाही.

अमेरिकन डायबेटिस असोसिएशनही टाइप २ आणि प्रीडायबेटिसच्या रुग्णांत फिब-४ काढायला सांगते, एन्झाइम नॉर्मल असले तरी.

इंदिरानगर बोगदा

माझा प्रश्न शेवटच्या ओळीवर आहे. एसजीओटी, एसजीपीटी दोन्ही लॅबच्या मर्यादेत असतील तर हे गणित करण्यात काय अर्थ? रिपोर्टवर एकही ठळक आकडा नसतो.

रविवार कारंजा

हे गणित बघा. वय ६१, एसजीओटी ३८, एसजीपीटी २५, प्लेटलेट्स १.४ लाख. दोन्ही एन्झाइम चाळीसच्या आत, प्लेटलेट्स जरा कमी, पण ‘डेंग्यूच्या सीझनमध्ये होतात कमी’ म्हणून कुणी बघत नाही. ६१ × ३८ = २३१८. खाली १४० × ५ = ७००. उत्तर ३.३१. म्हणजे थेट वरच्या गटात.

लिव्हर जून होत जातं तसा एसजीपीटी अनेकदा खाली येतो, एसजीओटी त्याच्या वर जातो आणि प्लीहा (स्प्लीन) वाढल्याने प्लेटलेट्स घटतात. म्हणजे ‘एन्झाइम सुधारले’ असं वाटतं तेव्हाच खरी गडबड असू शकते. शिवाय लॅबच्या कागदावरची ४०, ४५, ५६ ही मर्यादाच सैल आहे. एसजीपीटी पुरुषांत ३३ आणि स्त्रियांत २५ च्या वर असेल तर लिव्हरचे डॉक्टर कारण शोधतात.

सूक्ष्मदर्शक

लॅबच्या बाजूने भर घालतो, कारण फिब-४ मध्ये चुकीचा आकडा घातला तर उगाच घाबरगुंडी उडते.

पहिलं म्हणजे प्लेटलेट्सचे पुंजके. जांभळ्या झाकणाच्या ट्यूबमधल्या रसायनामुळे काही लोकांच्या प्लेटलेट्स एकमेकींना चिकटतात. मशीन पुंजका मोजतच नाही, आकडा खोटा कमी येतो. १.५ लाखाच्या खाली आकडा आला आणि आधीचे रिपोर्ट व्यवस्थित असतील, तर काचपट्टीवर स्मिअर बघून खात्री करायला सांगा. पुंजके दिसले तर निळ्या झाकणाच्या सायट्रेट ट्यूबमध्ये परत घेतात, आणि त्यातल्या द्रवामुळे रक्त पातळ होतं म्हणून आलेल्या आकड्याला १.१ ने गुणतात. वरच्याच उदाहरणात खऱ्या प्लेटलेट्स २.३ लाख निघाल्या तर उत्तर ३.३१ वरून २.०२ वर येतं. तरी मधला गट आहेच, पण सिऱ्हॉसिसची धास्ती बरीच कमी.

दुसरं, एसजीओटी स्नायूंतही असतं. आदल्या दोन-तीन दिवसांत जिममध्ये जड वजनं उचलली, पांडवलेण्यांच्या पायऱ्या पहिल्यांदाच चढल्या-उतरल्या, स्नायूत इंजेक्शन घेतलं, तर एसजीओटी वाढतं. नमुना घेताना रक्तपेशी फुटल्या तरी वाढतं. ‘हिमोलाइज्ड’ असा शेरा असेल तर तो आकडा सूत्रात घालू नका.

तिसरं, ताप, कावीळ, डेंग्यू यातून उठल्यावर लगेच फिब-४ काढू नका. प्लेटलेट्स आणि एन्झाइम दोन्ही हललेले असतात. दीड-दोन महिने जाऊ द्या.

आणि चारही आकडे एकाच दिवसाचे हवेत. मार्चमधल्या प्लेटलेट्स आणि ऑगस्टमधलं एसजीपीटी जोडून गणित करणारे महाभाग आहेत.

सोनोचष्मा

ग्रेडबद्दल. सोनोग्राफीत आम्ही लिव्हरची चमक शेजारच्या उजव्या किडनीशी ताडून बघतो. जरा जास्त पांढरं तर १. आतल्या रक्तवाहिन्यांच्या कडा पुसट झाल्या तर २. मागचा भाग आणि श्वासपटल दिसेनासं झालं तर ३. हे डोळ्यांनी ठरतं. एकाच पोटाला दोन ठिकाणी १ आणि २ येणं अगदी शक्य आहे, त्यामुळे ‘ग्रेड २ चा १ झाला’ यावर पेढे वाटू नयेत. चरबी साधारण २० ते ३० टक्क्यांच्या खाली असेल तर सोनोग्राफीत सुटून जाते, आणि व्याख्येप्रमाणे ५ टक्क्यांच्या वर गेली की फॅटी लिव्हर. ‘सोनोग्राफी नॉर्मल’ म्हणजे चरबी नाहीच, असं होत नाही.

रिपोर्टमध्ये ग्रेडपेक्षा या गोष्टी शोधा: लिव्हरची कड खडबडीत आहे का, प्लीहा १२-१३ सेंटिमीटरच्या पुढे आहे का, पोर्टल व्हेन (लिव्हरकडे रक्त नेणारी मोठी शीर) रुंद आहे का, पोटात पाणी आहे का. यातलं काहीही लिहिलेलं असेल तर ग्रेड विसरा आणि डॉक्टर गाठा. सिऱ्हॉसिस झाल्यावर लिव्हरमधली चरबी कमीही होते. ग्रेड उतरतोय आणि प्लेटलेट्सही उतरताहेत, ही जोडी वाईट.

फायब्रोस्कॅनला जाताना किमान तीन तास पोट रिकामं. खाल्ल्यावर लिव्हरचा रक्तपुरवठा वाढतो आणि कडकपणा खोटा जास्त येतो. रिपोर्टवर दोन आकडे असतात. किलोपास्कलमधला कडकपणाचा, तो फायब्रोसिससाठी. कॅपचा चरबीचा. लोक नेमका कॅप बघून घाबरतात, कारण तो २९०, ३२० असा मोठा दिसतो. बघायचा तो किलोपास्कल: ८ च्या खाली ठीक, ८ ते १२ मध्ये आणखी तपास, १२ च्या वर पुढचा फायब्रोसिस असण्याची शक्यता बरीच.

रिपोर्ट ग्राह्य आहे का तेही तपासा. दहा नीट वाचनं असावीत आणि ‘आयक्यूआर/मेडियन’ (वाचनांमधली तफावत) ३० टक्क्यांच्या आत असावं. पोट सुटलेलं असेल तर एक्सएल प्रोब (यंत्राचा अंगावर टेकवायचा मोठा भाग) लागतो. फक्त एम प्रोब असलेल्या ठिकाणी अशा माणसाची वाचनं फसतात. एसजीपीटी मर्यादेच्या पाचपट वाढलेलं असेल, हार्ट फेल्युअर असेल, पित्तनलिका तुंबली असेल, तर कडकपणा विनाकारण जास्त येतो.

अंबड तिसरी पाळी

बारीक माणसाला कसं होतं हे? सातपूर-अंबडला कंपन्यांच्या वार्षिक तपासणीत ६० किलोची, अजिबात पोट नसलेली पोरंही ‘फॅटी लिव्हर, शुगर बॉर्डरवर’ निघतात.

रविवार कारंजा

पोट नसलेली म्हणजे शर्टात न दिसणारी. टेप लावा. पुरुषाला ९० आणि बाईला ८० सेंटिमीटर ही आपल्याकडची रेषा. टेप बेंबीवर किंवा पँटच्या पट्ट्यावर धरायची नाही, शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सोडून मोजायचं.

पुण्याच्या केईएमचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांचं यावरचं काम प्रसिद्ध आहे. २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात त्यांचा आणि लंडनच्या डॉ. युडकिन यांचा फोटो शेजारी शेजारी छापला होता. दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. आपल्याकडे स्नायू कमी आणि चरबी जास्त, त्यातही पोटाच्या आत. कातडीखाली चरबी साठवायची जागा लवकर भरते आणि उरलेली लिव्हरकडे वळते. म्हणून आपल्यासाठी बीएमआयची रेषा २५ ऐवजी २३ धरतात.

तिसऱ्या पाळीचं वेगळं प्रकरण आहे. रात्री खाल्लेली तीच पोळी दिवसापेक्षा जास्त शुगर चढवते. पाळीला जाण्याआधी पूर्ण जेवण, रात्री दोनच्या सुमारास फुटाणे किंवा उकडलेली अंडी, आणि घरी आल्यावर पोहे-उपमा हाणून लगेच झोपायचं नाही. कँटीनच्या चहाचा हिशेब करा. दोन चमचे साखरेचा कप म्हणजे १० ग्रॅम, सहा कप म्हणजे ६० ग्रॅम. त्यातली निम्मी फ्रुक्टोज, आणि ती जवळपास सगळी लिव्हरच्याच वाट्याला येते.

निफाडकर

मग द्राक्षाचं काय? आमच्याकडे जानेवारी ते एप्रिल घरात द्राक्षं असतातच. फळातली साखर नैसर्गिक असते असं म्हणतात.

ताटवाटी

निफाडकर भाऊ, लिव्हरला नैसर्गिक-अनैसर्गिक कळत नाही, ग्रॅम कळतात. १०० ग्रॅम द्राक्षांत साधारण १६ ग्रॅम साखर, त्यातली निम्मी फ्रुक्टोज. जेवणानंतर दहा-बारा मणी म्हणजे ८-९ ग्रॅम, शुगर आटोक्यात असेल तर चालेल. बागेत फिरता फिरता अर्धा किलो संपवलीत तर ८० ग्रॅम. बेदाण्यात पाणी उडालेलं असतं, १०० ग्रॅममध्ये ६० ग्रॅमच्या वर साखर, त्यामुळे मूठभर ‘सुका मेवा’ महागात पडतो. आणि रस तर नकोच. पेलाभर द्राक्षरसात ३५ ते ४० ग्रॅम साखर दोन मिनिटांत पोटात जाते, चोथा मात्र गाळणीत राहतो. गूळ, मध, काकवी यांनाही हाच नियम. साखर सोडून गुळाचा चहा धरणाऱ्यांच्या लिव्हरला काडीचा फरक पडत नाही.

एक मोठा गैरसमज तेलाचा आहे. लिव्हरमधली चरबी कुठून येते, तर साधारण ६० टक्के अंगातल्या चरबीच्या साठ्यातून सुटून, पाव भाग लिव्हर स्वतः साखर-पिठापासून बनवतं आणि जेवणातल्या तेल-तुपाचा वाटा १५ टक्क्यांच्या आसपास. म्हणून ‘फॅटी लिव्हर आहे ना, मग तूप बंद’ असं करून वर चार पोळ्या आणि भात खाणाऱ्यांचं काहीच हलत नाही.

भाकरीचंही तेच. ज्वारीची असली म्हणून मोजायची नाही असं नसतं. ५० ग्रॅम पिठाची भाकरी म्हणजे ३४ ग्रॅमच्या आसपास कर्बोदकं, दोन लहान पोळ्यांत जवळपास तेवढीच. फायदा चोथ्याचा आहे, संख्येतून सूट नाही. ताट असं लावा: निम्मं ताट भाजी आणि कोशिंबीर, पाव भाग उसळ-वरण-अंडी-मासे-पनीर, उरलेल्या पावात भाकरी किंवा भात, दोन्ही नाही. आधी कोशिंबीर आणि उसळ, भाकरी नंतर. प्रथिनं वजनाच्या किलोमागे १ ग्रॅम धरा: ६५ किलोला ६५ ग्रॅम. एका अंड्यात ६, १०० ग्रॅम पनीरमध्ये १८-२०, ३० ग्रॅम कोरड्या सोयाबीन वड्यांत १५. वाटीभर पातळ वरणात फार काही नसतं.

मिसळीवरून कुणी भांडायच्या आत लिहिते. मटकीची उसळ हा त्यातला उत्तम भाग आहे. गोंधळ शेव-फरसाण, तर्रीवरचा तेलाचा थर, चार पाव (७०-८० ग्रॅम कर्बोदकं) आणि शेवटी जिलबी यांचा आहे. एक पाव, जास्त मटकी, कांदा, दही, जिलबी नाही. महिन्यातून दोन रविवार.

उपवासाला साबुदाणा नको. तो जवळपास निव्वळ स्टार्च आहे, त्यात बटाटा घालून आपण खिचडी करतो. भगर त्यापेक्षा बरी, पण वाटीभर, आणि दाण्याच्या आमटीबरोबर.

मखमलाबाद नाका

वाइन चालते का? नाशिकमध्ये राहून हा प्रश्न न विचारणं बरं दिसत नाही. हृदयाला चांगली असते म्हणतात.

रविवार कारंजा

वाइनरीच्या टूरवर सांगतात ते लिव्हरला लागू नाही. ग्रॅममध्ये बघा: १५० मिली वाइनमध्ये १५ ग्रॅम अल्कोहोल, ६० मिलीच्या पेगमध्ये २०, साडेसहाशेच्या स्ट्राँग बिअरमध्ये सुमारे ४०.

२०२३ मध्ये या आजाराचं जुनं एनएएफएलडी हे नाव बदलून एमएएसएलडी केलं. लिव्हरमध्ये चरबी, सोबत वजन-घेर, शुगर, बीपी, ट्रायग्लिसराइड, एचडीएल (चांगलं कोलेस्टेरॉल) यांपैकी निदान एक बिघडलेलं, आणि आठवड्याला अल्कोहोल पुरुषात २१० आणि बाईत १४० ग्रॅमच्या आत, अशी व्याख्या. त्याच्या वर गेलं की आजाराचं नाव बदलतं. हे आकडे नाव ठरवण्यासाठी आहेत, ‘एवढी चालते’ यासाठी नाहीत. डायबेटिस आणि अल्कोहोल एकमेकांचं नुकसान गुणाकाराने वाढवतात. फिब-४ १.३ च्या वर असेल तर शून्य. आणि ग्लिमेपिराइड किंवा इन्सुलिनवर असताना रिकाम्या पोटी प्यायलात, तर लिव्हर साखर सोडायचं थांबवतं, पहाटे शुगर ५०-६० वर येते आणि घरचे समजतात चढली आहे.

इंदिरानगर बोगदा

वजन किती उतरवलं म्हणजे पुरे?

ताटवाटी

टक्क्यांत मोजा. ५ टक्के उतरलं की चरबी कमी होते, ७ टक्क्यांना सूज, १० टक्क्यांना फायब्रोसिसही मागे फिरू शकतो. ७८ किलोच्या माणसाला हे आकडे ४, साडेपाच आणि ८ किलो. बीएमआय २३ च्या आत असेल तर ३ ते ५ टक्क्यांतही फरक पडतो. ब्रिटनमधल्या २०१७ च्या ‘डायरेक्ट’ चाचणीत वजन उतरवण्याच्या गटात वर्षअखेर ४६ टक्के लोकांचा डायबेटिस गोळ्यांशिवाय आटोक्यात होता. १५ किलो किंवा जास्त उतरवणाऱ्यांत हे प्रमाण ८६ टक्के. ते लोक आपल्यापेक्षा जाड होते आणि डायबेटिस सहा वर्षांच्या आतला होता, हे लक्षात ठेवून वाचा.

घाई नको. आठवड्याला दीड किलोच्या वर उतरवलं तर पित्ताशयात खडे होतात. अर्धा किलो छान.

चालणं आठवड्याला १५० मिनिटं, पण चालता चालता गाणं म्हणता येता कामा नये इतक्या वेगाने. गोल्फ क्लबच्या किंवा कृषीनगरच्या ट्रॅकवर घोळक्याने राजकारण बोलत फिरणं यात मोजू नका. आठवड्यातून दोन दिवस स्नायूंचा व्यायाम हवाच: खुर्चीतून उठबस, भिंतीवरचे जोर, पाण्याच्या दोन लिटरच्या बाटल्या. जेवणातली साखर सगळ्यात जास्त स्नायू उचलतात. वजन न उतरताही व्यायामाने लिव्हरची चरबी कमी होते, काटा हलत नाही म्हणून सोडू नका.

पेठ रोड

औषधांचं कुणी बोलेना. आमच्याकडे उर्सो, सिलिमारीन या लिव्हरच्या गोळ्या आणि गुळवेलीचा काढा यांचीच चर्चा असते.

रविवार कारंजा

उर्सोचा या आजारात उपयोग सिद्ध झालेला नाही. सिलिमारीनचा पुरावा कच्चा आहे, नुकसान बहुधा खिशाचं. गुळवेलीबाबत मात्र सावध. कोविडच्या काळात काढे घेतल्यावर लिव्हरला इजा झालेल्या रुग्णांची नोंद मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने ती मान्य केली नव्हती, पण आधीच आजारी लिव्हरवर हा प्रयोग कशाला? ‘शुगरची देशी पुडी’ त्याहून वाईट, त्यात काय असतं ते बनवणाऱ्यालाच माहीत.

कामाची औषधं डायबेटिसच्या यादीतच आहेत:

मेटफॉर्मिन. शुगरला उत्तम, लिव्हरच्या सूज-फायब्रोसिसवर परिणाम नाही. ‘फॅटी लिव्हर आहे म्हणून बंद करा’ हेही चूक. किडनीचा ईजीएफआर (रक्त गाळण्याचा वेग) ३० च्या खाली गेला किंवा सिऱ्हॉसिसमध्ये पोटात पाणी झालं तर बंद.

पायोग्लिटाझोन. लिव्हरची सूज खरोखर कमी करणारं आणि स्वस्त. त्याबदली वजन २-३ किलो वाढतं, पाय सुजतात, पाळी गेलेल्या बायकांत हाडं मोडण्याचा धोका वाढतो. हार्ट फेल्युअर असेल किंवा मूत्राशयाचा कॅन्सर झालेला असेल तर नाही. २०१३ मध्ये भारतात बंदी आली, काही आठवड्यांत उठली, तेव्हापासून पाकिटावर इशारा असतो.

सेमाग्लुटाइड. आठवड्याचं इंजेक्शन. ७२ आठवड्यांच्या चाचणीत सुमारे ६३ टक्के लोकांची लिव्हरची सूज गेली, खोट्या औषधाच्या गटात ३४ टक्के. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेत मध्यम ते पुढच्या फायब्रोसिससाठी मंजुरी मिळाली, सिऱ्हॉसिससाठी नाही. मळमळ होते म्हणून डोस हळूहळू चढवतात. प्रथिनं आणि व्यायाम नसेल तर चरबीबरोबर स्नायूही जातात, आणि आपल्याकडे ते मुळात कमी.

डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन यांनी लिव्हरची चरबी काही प्रमाणात कमी होते, हृदय आणि किडनीला फायदा वेगळा. सॅरोग्लिटाझार ४ मिलीग्रॅम हे अहमदाबादच्या झायडसचं औषध. भारतात २०१३ पासून ट्रायग्लिसराइडसाठी आणि २०२० पासून फॅटी लिव्हरसाठी मंजूर.

स्टॅटिन (कोलेस्टेरॉलची गोळी) ‘लिव्हरला घातक’ म्हणून परस्पर बंद करू नका. फॅटी लिव्हरच्या रुग्णांत मृत्यूचं सगळ्यात मोठं कारण लिव्हर नाही, हृदयविकार आहे.

सूक्ष्मदर्शक

आणखी एक लिहून ठेवतो. फॅटी लिव्हरचा शिक्का मारण्याआधी एचबीएसएजी, अँटी-एचसीव्ही आणि टीएसएच एकदा झालेलं असावं. हिपॅटायटिस बी-सी आणि थायरॉइड याच वेषात येतात. स्टेरॉइड, मेथोट्रेक्सेट, टॅमॉक्सिफेन, अमिओडॅरोन, व्हॅल्प्रोएट यांपैकी काही चालू असेल तर डॉक्टरांना आठवण करा.

सिऱ्हॉसिस झाला की एचबीएवनसीवर विसंबू नका. प्लीहा रक्तपेशी लवकर फोडते, पेशींचं आयुष्य घटतं, एवनसी खोटं कमी येतं. घरी मशीनवर १९० आणि कागदावर ६.१ असं दिसलं तर मशीनवर विश्वास ठेवा. लोह कमी असलेल्या बायकांत उलटं होतं, एवनसी खोटं जास्त येतं.

पेठ रोड

सरकारीत यातलं काय होतं? सगळ्यांनाच खासगी परवडत नाही.

रविवार कारंजा

फेब्रुवारी २०२१ मध्ये केंद्राने फॅटी लिव्हर हा डायबेटिस-बीपीच्याच राष्ट्रीय कार्यक्रमात घातला. तिशीच्या पुढच्या माणसाचा कमरेचा घेर, बीपी, शुगर जवळच्या आरोग्य केंद्रात बघतात. फिब-४ ला लागतात त्या सीबीसी आणि लिव्हर फंक्शन या साध्या तपासण्या आहेत, त्र्यंबक रोडच्या सिव्हिलमध्ये होतात. गणित तुम्ही कागदाच्या मागे करा आणि तो आकडा डॉक्टरांसमोर ठेवा. ओपीडीच्या गर्दीत कॅल्क्युलेटर काढायला त्यांना वेळ नसतो, आयता आकडा दिसला की थांबून बघतात.

१.३ च्या आत असेल तर वर्ष-दोन वर्षांनी परत. फायब्रोस्कॅन ८ च्या वर, प्लेटलेट्स खऱ्याखुऱ्या दीड लाखाच्या खाली, अल्ब्युमिन (लिव्हर बनवतं ते रक्तातलं प्रथिन) ३.५ च्या खाली, किंवा प्लीहा वाढलेली असेल तर लिव्हरचे डॉक्टर. सिऱ्हॉसिस ठरला तर दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी, कॅन्सरची गाठ लहान असताना सापडावी म्हणून. काळी शौच, रक्ताची उलटी, दिवसा झोप आणि बोलण्यात गोंधळ यातलं काही झालं तर धाग्यावर विचारत बसू नका, थेट इमर्जन्सीला.

निफाडकर

वय ४७, एसजीओटी ३१, एसजीपीटी ४९, प्लेटलेट्स २.६ लाख. खाली २६० × ७ = १८२०, वर १४५७. ०.८० येतं. बरोबर?

रविवार कारंजा

बरोबर. सध्या फायब्रोस्कॅनचे पैसे वाचले. पण एसजीपीटी ४९ हा ३३ च्या वर आहे. घेर मोजा, ट्रायग्लिसराइड बघा, हिपॅटायटिसच्या दोन टेस्ट झाल्या नसतील तर करून घ्या, आणि पुढच्या वर्षी छाटणीच्या आधी हेच चार आकडे परत.